सोलापुरात ऑफिस कुठे घ्यावं? जाणाऱ्या नव्हे, येणाऱ्या गाडीच्या हिशेबाने केलेली पारख

जागा दाखवताना सोलापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "स्टेशन इथून पाच मिनिटांवर आहे." त्या पाच मिनिटांचं भाडं वेगळं लागतं. ते द्यावं की नाही हे ठरवता यावं म्हणून स्टेशन रोडपासून चिंचोळी एमआयडीसीपर्यंतच्या भागांची ही पारख केली आहे. प्रश्न एकच धरला आहे: रेल्वेचा त्या जागेला खरोखर किती उपयोग होतो?

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. पहाटेची गाडी पकडणारा माणूस ऑफिसातून निघत नाही, घरातून निघतो. रात्री साडेदहाला उतरला की घरीच जातो. तुमची माणसं आठवड्यातून तीनदा पुण्याला जात असली तरी ऑफिस स्टेशनजवळ असण्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही. स्टेशनजवळची जागा कामाला येते ती सोलापुरात येणाऱ्यांसाठी. मुंबईहून येणारे वरिष्ठ, हैदराबादचा ग्राहक, ऑडिटर, मशीन बसवायला आलेला इंजिनिअर आणि कुर्डुवाडी, मोहोळ, अक्कलकोट रोडहून रोज ये-जा करणारे कर्मचारी, असे हे लोक. इथे बऱ्याच कंपन्यांचा हिशेब उलटा होतो. 'आपण पुण्याला किती जातो' हे बघून जागा घेतली जाते, आणि 'आपल्याकडे कोण येतं' हे वर्षभराने कळतं.

आता गाड्यांकडे त्याच नजरेने बघू. मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते. सोलापूरहून पहाटे ६.०५ ला निघून सव्वानऊच्या सुमारास पुणे आणि १२.३५ च्या सुमारास सीएसएमटी. परतताना मुंबईहून दुपारी ४.०५, पुण्याहून संध्याकाळी ७.१० च्या सुमारास आणि सोलापुरात रात्री १०.४० च्या आसपास. पुण्यात काम असलेल्या सोलापूरकराला ही गाडी चांगले नऊ-दहा तास देते. हुतात्मा एक्सप्रेसही त्याच घडीची: सकाळी साडेसहाच्या सुमारास इथून, संध्याकाळी सहाला पुण्याहून. दोन्ही गाड्या सोलापूरकराला नेऊन आणणाऱ्या आहेत. पुण्याच्या माणसाला सोलापुरात दिवसभराचं काम करून त्याच रात्री घरी जायचं असेल तर या दोन्ही निरुपयोगी. त्याच्यासाठी आहे पुणे–सिकंदराबाद शताब्दी. पुण्याहून सकाळी सहाला निघते, नऊच्या सुमारास सोलापूरला येते आणि सिकंदराबादहून परतताना संध्याकाळी त्याला घेऊन जाते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, म्हणून बैठकीचा वार ठरवण्याआधी वेळापत्रक बघावं.

मुंबईच्या माणसाचं गणित वेगळं. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री तिथून निघते आणि सकाळी इथे पोचते. परतीची सिद्धेश्वरही रात्री उशिराची. म्हणजे त्याला अख्खा दिवस मिळतो, पण सकाळी उतरल्यापासून ऑफिस उघडेपर्यंतचे तीन तास कुठे काढायचे हा प्रश्न उरतो. आंघोळ, नाश्ता, कपडे बदलणं. या तीन तासांची सोय जिथे पायी अंतरात आहे तीच स्टेशनजवळची जागा म्हणण्यासारखी. गिझर असलेली न्हाणी आणि वॉचमनकडे किल्ली, एवढी सोय ऑफिसात असली तरी मुंबईच्या पाहुण्याचा लॉजचा खर्च वाचतो.

वंदे भारतच्या बाबतीत एक खोच लक्षात ठेवावी. ही गाडी बुधवारी मुंबईहून आणि गुरुवारी सोलापूरहून नसते. बुधवारी सकाळी तुमचा माणूस ऐटीत पुण्याला जातो, पण त्या संध्याकाळी परतीची वंदे भारत नाही. मग उरते सहाची हुतात्मा, आणि त्यानंतर मधल्या रात्री जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. बुधवारी पुण्यात पाचची बैठक ठेवलीत तर तो माणूस अडकलाच. पुण्याच्या ग्राहकाला बुधवार द्यायचाच असेल तर बैठक तीनपर्यंत संपवावी.

तिकिटाचंही सांगून टाकू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. वातानुकूलित वर्गाचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला, बिगर-वातानुकूलितचं ११ ला. ही मिनिटं ज्याच्या हातात आहेत त्याच्या आयआरसीटीसी खात्याला आधार आधीच जोडलेलं हवं, ऐनवेळी धावाधाव होते. वातानुकूलित तिकिटावर जीएसटी लागतो. तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक भरावा, म्हणजे हिशेबनिसाला नंतर बिलासाठी मागे लागावं लागत नाही.

रोज ये-जा करणाऱ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सोलापूरच्या ऑफिसांना रेल्वेचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच निघतो. पुणे २६० किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे पासवर पुणे–सोलापूर हा विषयच संपला. पण कुर्डुवाडी सुमारे ८० किलोमीटरवर, कलबुर्गी ११० च्या आसपास, होटगीवरून विजयपूर शंभराहून थोडं अधिक. माढा, मोहोळ, अक्कलकोट रोड, दुधनी तर त्याहून जवळ. या पट्ट्यात राहणारा मुलगा किंवा मुलगी पासवर नोकरीला येऊ शकते आणि घर सोडावं लागत नाही. नोकरी सोडून पुण्याला जाण्याचं प्रमाण ज्या कंपन्यांना छळतं, त्यांनी भरतीची जाहिरात देताना कुर्डुवाडी, माढा आणि कलबुर्गी जरूर धरावं.

पासाच्या मर्यादा मात्र अर्ज घेतानाच सांगाव्यात. सुपरफास्टला वेगळा अधिभार लागतो, आरक्षित डब्यात पास चालत नाही आणि वंदे भारतमध्ये तर नाहीच. म्हणून उमेदवाराला 'कुठे राहता' एवढं विचारून भागत नाही. 'सकाळी कोणत्या गाडीने याल आणि ती चुकली तर पुढची कोणती' हे विचारायचं. पुढची गाडी दोन तासांनी असेल तर त्या माणसाला काउंटरवर बसवू नये, ज्या कामाची वेळ अर्धा-पाऊण तास सरकली तरी चालते ते काम द्यावं. ऑफिसची वेळ दहाऐवजी साडेदहा केली तर यातल्या निम्म्या अडचणी जागेवर मिटतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

आता भाग.

स्टेशन रोड, भैया चौक आणि रेल्वे लाइन्स. फलाटापासून पायी जमणारा हाच पट्टा. लॉज, खानावळी, बँका, टपाल, कुरिअर सगळं हाताशी. विभागीय रेल्वे कार्यालयही याच बाजूला, त्यामुळे रेल्वेची कंत्राटं घेणाऱ्यांना आणि मालवाहतुकीची कागदपत्रं करणाऱ्यांना दुसरीकडे बघायची गरज नाही. उणं म्हणजे इमारती. जुन्या बांधणीत लिफ्ट नसते, जिना अरुंद असतो, तीन फेजचं कनेक्शन असेलच असं नाही आणि गाड्या लावायला जागा मिळत नाही. दुसऱ्या मजल्यावर जागा घेण्याआधी बारा खुर्च्या आणि एक सर्व्हरचं कपाट त्या जिन्यावरून वर जाईल का, हे टेप लावून बघा. भोगवटा प्रमाणपत्र मागा. आवाजाची परीक्षा दुपारी नको, मालगाडी जाताना फोनवर बोलून घ्या. विमा, ऑडिट, मेडिकल कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, मुंबई-हैदराबादच्या कंपन्यांच्या शाखा यांना ही जागा शोभते. ५ पैकी ४ गुण.

सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक. रिक्षाने थोड्याच मिनिटांत, पायी गेलात तरी घाम न फुटता. इमारती थोड्या बऱ्या, आणि जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, महापालिका यांच्या फेऱ्या ज्यांना असतात त्यांना सोयीचं. एकूण तोल बघता छोट्या ऑफिससाठी आमची पहिली पसंती हीच. साडेचार गुण. नवी पेठ आणि पार्क चौकही अंतराने जवळच, पण तिथे जानेवारी लक्षात ठेवावा लागतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आणि होम मैदानाच्या गर्दीला रस्ते वळवले जातात. त्या दिवसांत बाहेरगावचा पाहुणा बोलावू नये. बोलावलाच तर रिक्षावाल्याला चौकाचं नाव न सांगता कुठून वळायचं ते सांगावं.

होटगी रोड आणि आसरा चौक. गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या स्वतःच्या इमारती इकडे उभ्या राहिल्या. बालाजी अमाइन्स या रसायन कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आसरा चौकाजवळ आहे आणि कारखाने तामलवाडी आणि चिंचोळीला. ऑफिस गावात, उत्पादन हायवेवर, अशी ही विभागणी सोलापुरात चांगली रुजली आहे आणि तिच्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १८६० मध्ये पुण्याकडून रेल्वे सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या मार्गाशी जोडली गेली. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरणीला कापूस, कोळसा आणि तयार गठ्ठे यांच्यासाठी रूळ जवळ हवे होते, मग कचेरीही गिरणीच्या आवारातच बसली. पुढे माल ट्रकवर गेला. पुणे–हैदराबाद हायवे रुंद झाला, चादर आणि टॉवेलचे कारखाने अक्कलकोट रोडला गेले, मोठे उद्योग चिंचोळीला. रुळावर राहिला तो जड आणि एकगठ्ठा माल. होटगीजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉट प्रकल्पाचा कोळसा, सिमेंट, आणि पाकणीच्या डेपोंतलं इंधन ही त्याची उदाहरणं. टॉवेलच्या गठ्ठ्याला आता स्टेशन लागत नाही. टॉवेल विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला अजून लागतं.

म्हणूनच आसरा चौकाला आम्ही साडेतीन गुण देतो. जागा प्रशस्त, पार्किंग मिळतं, विमानतळ त्याच रस्त्यावर. पण स्टेशनपासून रिक्षाशिवाय गत्यंतर नाही, आणि जुळे सोलापूरला जायचं तर आसऱ्याचा अरुंद रेल्वे पूल ओलांडावा लागतो. संध्याकाळी सहा ते आठ तो पूल माणसाची परीक्षा बघतो. जी रेल्वे पाहुणा आणून देते तीच रेल्वे गावाचे दोन तुकडेही करते, हे नकाशावर अंतर मोजणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. जुळे सोलापुरात कर्मचाऱ्यांची घरं भरपूर आहेत, त्यामुळे तिथेच राहणाऱ्यांचं ऑफिस तिथे असणं ठीकच. बाहेरून येणाऱ्याला मात्र ती जागा लांब पडते. रेल्वेखालच्या बोगद्यांतून जाणारा रस्ता जवळचा वाटला तरी मोठ्या पावसात तिथे पाणी साचतं, तेव्हा दुसरा रस्ता माहीत असू द्यावा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ऑफिस तेव्हाच घ्यावं जेव्हा कारखाना तिथेच आहे. खरेदीदाराला माल डोळ्यांनी बघायचा असतो, नमुन्याच्या खोलीतून थेट मागावर जायचं असतं, आणि त्यासाठी तो रिक्षाचा वेळ आनंदाने देतो. तीन गुण. चिंचोळीचा रेल्वेशी संबंध प्रवाशांपुरता जवळपास नाहीच. पाकणी स्टेशन त्या बाजूला असलं तरी जलद गाड्यांनी येणारा पाहुणा सोलापूरलाच उतरतो आणि तिथून पुण्याच्या दिशेने उलटा फिरतो. स्वतःच्या गाडीने हायवेवरून येणाऱ्यांसाठी चिंचोळी उत्तम, रेल्वेने येणाऱ्यांसाठी दोन गुण.

हे गुण तुमच्या कामाला लागू होतात का, ते तपासायला फार वेळ लागत नाही. मागच्या तीन महिन्यांचं व्हिजिटर रजिस्टर घ्या आणि त्यात तीन रकाने वाढवा: कुठून आले, कशाने आले, दिवसात परतले की मुक्काम केला. समजा महिन्याला ४० जण बाहेरगावहून येतात, त्यातले २८ स्वतःच्या गाडीने आणि १२ रेल्वेने. मग स्टेशनजवळच्या जागेचं जे जास्तीचं भाडं आहे ते त्या १२ जणांवर वाटून बघा. माणशी रक्कम स्टेशन ते आसरा चौक अशा जाण्या-येण्याच्या रिक्षाभाड्याच्या कितीतरी पट निघाली तर पाहुण्यांना आणायला गाडी पाठवणं स्वस्त. रोज पासवर येणारे पाच-सहा कर्मचारी असतील तर मात्र तोच हिशेब फिरतो. ते महिन्याला पंचवीस दिवस, दोन वेळा रिक्षा करणार. तेव्हा त्यांना मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

त्यानंतर वेळ मोजायची, आणि ती फलाटापासून टेबलापर्यंत. नकाशावर दिसतं ते फक्त रस्त्याचं अंतर. प्रत्यक्षात चार तुकडे असतात: डब्यातून बाहेरच्या दारापर्यंत, दारापासून वाहन मिळेपर्यंत, रस्ता, आणि इमारतीच्या फाटकापासून खुर्चीपर्यंत. पहिला तुकडा गाडी कोणत्या फलाटावर येते त्यावर बदलतो. एक नंबरवर आली तर समोर दार. दुसरीकडे आली तर पादचारी पूल, आणि हातात नमुन्याची पेटी असली की हे अंतर दुप्पट वाटतं. कामाच्या दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा सकाळी सिद्धेश्वर आल्यावर आणि एकदा शताब्दी आल्यावर, घड्याळ लावून मोजावं. रविवारी मोजलेली वेळ धरू नये.

रात्रीचीही एक फेरी मारा. दहाच्या सुमारास हुतात्मा येते, साडेदहानंतर वंदे भारत, आणि त्याच तासाभरात सिद्धेश्वरला निघालेले लोक आत येत असतात. दारासमोर 'आसरा, आसरा', 'जुळे सोलापूर, विजापूर रोड' अशा हाका सुरू असतात, सोडायला आलेल्या गाड्या आडव्या लागलेल्या, आणि एकट्या प्रवाशाला रिक्षाचा भाव दिवसापेक्षा वेगळा सांगितला जातो. शहर बसवर या वेळी विसंबू नये. महिला कर्मचारी पुण्याहून या गाड्यांनी परतणार असतील तर ठरलेला रिक्षावाला किंवा कंपनीची गाडी, आणि घरी पोचल्याचा फोन, हे प्रवास धोरणात लिहूनच ठेवावं.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. पावसाळ्यात बोर घाटात दरड आली की मुंबईच्या गाड्या कोलमडतात, पण पुणे–सोलापूर टप्पा बहुतेक वेळा चालू राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईकरांशी महत्त्वाची बैठक शक्यतो पुण्यात ठेवावी. आषाढीच्या आगेमागे पंढरपूरच्या जादा गाड्या आणि कुर्डुवाडीची गर्दी यामुळे पासधारकांचे हाल होतात. त्या आठवड्यात त्यांना घरून काम द्यावं. दौंड–सोलापूर–वाडी मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाल्याने क्रॉसिंगसाठी रखडणं पुष्कळ कमी झालं, तरी रेल्वेच्या ब्लॉकच्या (दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवण्याच्या) सूचना आदल्या दिवशी वाचण्याची सवय एका माणसाला लावून ठेवा.

पुण्यात शाखा काढणाऱ्या सोलापूरच्या कंपन्यांनाही हाच नियम उलट्या बाजूने लागतो. तिथे येणारी माणसं तुमचीच. पुणे रेल्वे स्टेशन मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गावर आहे. बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर या बाजूला जागा घेतली तर वंदे भारतने सव्वानऊला उतरलेला माणूस दहाच्या आत टेबलावर बसतो. पिंपरी किंवा स्वारगेटला जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकात मेट्रो बदलायची. हिंजवडी वीस किलोमीटरच्या पुढे, तेही गर्दीच्या वेळी. तिथे पोचेपर्यंत त्याचा पाऊण दिवसच हाती राहतो. नवी मुंबईत सिडकोने वाशी आणि बेलापूरला स्टेशनच्या इमारतीतच ऑफिसं बांधली, त्यामुळे तिथला कर्मचारी जिना चढला की कामावर. पुण्यात तसं नाही, म्हणून मेट्रोचं स्थानक बघूनच जागा शोधावी. मगरपट्ट्याकडे जागा मिळत असेल तर आपली गाडी हडपसरला थांबते का, हे चालू वेळापत्रकात बघून घ्यावं.

करार करताना पुढे काय येतंय त्याच्या भरवशावर पैसे मोजू नका. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा मार्ग झाला की धाराशिवकडची माणसं पासाच्या टप्प्यात येतील. विमानसेवा २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईसाठी सुरू झाली, तिने होटगी रोडचं वजन वाढवलं. आयटी पार्कची चर्चाही आहे. हे सगळं सांगून आजच जास्त भाडं मागितलं जातं. अशा वेळी तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार करावा, पण लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा काळ, वर्षभराचाच ठेवावा आणि दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडण्याचं कलम घालून घ्यावं. करार नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे. आणि भाडं कार्पेट क्षेत्रावर ठरवा. स्टेशन परिसरातल्या जुन्या इमारतींत जिना, पॅसेज आणि गॅलरी धरून सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष खुर्च्या मांडता येतील ती जागा यांत इतका फरक पडतो, की टेप हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नये.